आईला विचारण्याआधी

हे सावकाश वाचा. जमलं तर आई किंवा आजी घरात असताना वाचा.

डेनी व्हिलनव्ह यांचा ‘इन्सेंडीज’ हा २०१० सालचा चित्रपट वाजदी मुआवाद यांच्या नाटकावर आधारलेला आहे. नवाल ही आई कॅनडात वारते आणि नोटरी तिच्या जुळ्या मुलांच्या हाती दोन पाकिटं देतो. एक वडिलांसाठी, एक भावासाठी. वडील केव्हाच गेले असं जान आणि सिमोन धरून चाललेले. भाऊ असल्याचं तर त्यांना माहीतच नसतं. ती दोघं आईच्या मुलखात तिचा माग काढत जातात. त्या देशाचं नाव कुणी घेत नाही, पण लेबनॉनमधली यादवी ओळखू येते.

हा चित्रपट पाहिला की मला सोलापूर-हैदराबाद रस्ता आठवतो.

मनानं त्या रस्त्यावर या. साल १९४८. सोलापूरपासून थोडं पुढे गेलं की मोगलाई, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान, लागते. निजामाची बाजू घेणाऱ्या हत्यारबंद रझाकारांच्या भीतीनं तिकडची कुटुंबं हाताला लागेल ते घेऊन इकडे येत आहेत. त्यातली एक मुलगी डोळ्यांपुढे आणा, दहाएक वर्षांची. तिनं काय पाहिलं ते ठरवू नका, नुसती ती दिसू द्या. पुढे ती सोलापुरात वाढली, विड्या वळल्या, लेकरं वाढवली. त्या दिवसांचा विषय निघाला की ‘रझाकाराच्या वेळी आलो’ एवढंच म्हणाली आणि उठून कामाला लागली.

तिच्यापाशी थोडं थांबा. श्वास संथ होऊ द्या.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरहून निघालं, त्याच दिवशी नळदुर्ग हाती आला, आणि १७ तारखेला निजामानं हार मानली. आपण दरवर्षी गोष्ट इथंच संपवतो.

आता दुसरी मुलगी आणा. तीही दहाच वर्षांची, त्याच मुलखातली, मुसलमान घरातली. तिचे वाईट दिवस १७ सप्टेंबरनंतर सुरू झाले. मुसलमानांवर झालेल्या हल्ल्यांची पाहणी करणारी पंडित सुंदरलाल यांची समिती त्या हिवाळ्यात संस्थानात फिरली. धाराशिव, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले होते. मृतांचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. हल्ले करणाऱ्यांत सोलापूर आणि इतर शहरांतून गेलेली हत्यारबंद माणसं होती, असं समितीच्या अहवालात लिहिलं आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, त्यासाठी काहींनी जीवही दिला, हेही त्यातच आहे. कित्येक दशकं हा अहवाल लोकांसमोर आला नाही.

दोघींना शेजारी बसवा. मन लगेच हिशेब मांडू लागेल, कुणाचं आधी, कुणाचं जास्त. मांडू लागलं की हळूच परत या. एकीचं दुःख दुसरीच्या दुःखानं फिटत नाही आणि खोटंही ठरत नाही. माझ्या मते सोलापूरकराला हे जमलंच पाहिजे, कारण या दोन्ही गोष्टींना आपल्या गावाचं नाव लागलेलं आहे.

आता स्वतःकडे वळा. जान आणि सिमोन यांना शेवटी जे कळतं, त्यात दुःख भोगणारा आणि दुःख देणारा अशी वाटणी करता येत नाही. दोघेही त्यांच्या रक्ताचेच निघतात. तुमच्या घरी असं काही निघालं तर? आजी सोसून आली एवढंच ऐकायची तयारी आहे, की आजोबा त्या वेळी कुठे होते तेही ऐकाल? किंवा कुणाला तरी त्यांनी माळ्यावर लपवलं होतं आणि आयुष्यभर बोलले नाहीत, हे? या प्रश्नापाशी हवा तेवढा वेळ बसा. उत्तर आजच सापडायला हवं असं नाही.

आणखी एक. नवालनं बोलायचं केव्हा, हे स्वतः ठरवलं, म्हणून ती पत्रं तिची आहेत. आपल्या आयांनाही तेवढा मान हवा. जवळ बसा, एकच प्रश्न विचारा, फोनचं रेकॉर्डिंग तिला विचारल्याशिवाय लावू नका. तिनं विषय बदलला तर बदलू द्या. बोलली तर मध्ये तारखा दुरुस्त करू नका.

१९४८ साली दहा वर्षांच्या असलेल्या मुली आता नव्वदीला टेकल्या आहेत. विचारायचं असेल तर दिवाळीची वाट पाहू नका.