दोष आणि देणें

अपराध नसतां दंड नसावा, हें आपल्या न्यायबुद्धीचें एक मूळ तत्त्व आहे. ज्यानें सावधगिरींत कांहीं उणें ठेविलें नाहीं, त्याला दुसऱ्याच्या दुःखाबद्दल जबाबदार धरणें आपल्या मनाला खटकतें. तथापि सदोष मालासंबंधींचा कायदा गेल्या शतकांत नेमका याच दिशेनें सरकत आला आहे. कारखानदारानें कितीही काळजी घेतलेली असो, त्याच्या वस्तूंतील दोषामुळें कोणास इजा झाली तर भरपाई त्यानेंच केली पाहिजे, असें आज अनेक देशांचे कायदे म्हणतात. हा न्याय, कीं नुसती सोय? याच प्रश्नाचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

जुन्या बाजाराची नीति सोपी होती. मडकें घेणारा तें बोटानें वाजवून घेई आणि आवाज बद्द आला तर खालीं ठेवी. कुंभारही गांवांतलाच, तडा गेलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यांत बांधला तर दुसऱ्या दिवशीं त्याच गिऱ्हाइकाच्या दारावरून त्याला जावें लागे. घेणाऱ्यानें पारखून घ्यावें, हा नियम अशा बाजारांत कठोर असला तरी अन्यायाचा नव्हता. कारण पारखण्याचें साधन घेणाऱ्याच्या हातीं होतें.

यंत्रयुगानें हें साधन हिरावून नेलें. बूच लावलेली बाटली वाजवून पाहतां येत नाहीं. औषधाच्या गोळीच्या अंतरंगांत डोकावतां येत नाहीं. पण कायद्याला हें ध्यानांत घेण्यास फार वेळ लागला. १८४२ सालीं इंग्लंडांत टपालाची गाडी मोडून तिचा सारथी जायबंदी झाला. परंतु गाडी पुरविणाऱ्याचा करार त्याच्याशीं झालेला नाहीं, या कारणास्तव त्याचा दावा फेटाळण्यांत आला. एकाला दाद दिली तर दाव्यांना अंतच राहणार नाहीं, ही न्यायाधीशांची भीति होती.

ही भिंत प्रथम अमेरिकेंत न्यूयॉर्कच्या न्यायालयानें १९१६ सालीं पाडली व ब्रिटनमध्यें ती १९३२ सालीं पडली. स्कॉटलंडांतील पेझ्ली गांवीं १९२८ च्या ऑगस्टांत एका बाईला तिच्या मैत्रिणीनें उपाहारगृहांत जिंजरबिअरची बाटली घेऊन दिली. बाटलीची कांच अपारदर्शक होती. कांहीं पेय पिऊन झाल्यावर उरलेलें ओततांना त्यांतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली व आपण आजारी पडलों, असें त्या बाईचें म्हणणें होतें. पैसे तिनें दिले नव्हते, म्हणून दुकानदाराशींही तिचा करार नव्हता. मग कारखानदाराशीं कोठला? हाउस ऑफ लॉर्ड्समध्यें तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानें तिचा पक्ष मान्य झाला. लॉर्ड ॲटकिन यांनीं ख्रिस्ती धर्मांतील शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा कायद्याच्या भाषेंत आणली. आपल्या कृतीचा परिणाम ज्याला भोगावा लागेल हें आपल्याला कळावयास हवें, तो आपला शेजारी. त्याला इजा पोंचणार नाहीं अशी काळजी घेणें आपलें कर्तव्य. आपल्याकडील शेजारधर्म भिंतीला भिंत लागून असलेल्या घरापुरता होता. येथें तो अनोळखी माणसापर्यंत पोंचला.

पण येथवर प्रश्न निष्काळजीपणाचाच होता. पुढलें पाऊल अमेरिकेनें टाकलें. १९४४ सालीं कॅलिफोर्नियांत एका वाढपी बाईच्या हातांत पेयाची बाटली फुटली. त्या खटल्यांत न्यायमूर्ति ट्रेनर यांनीं स्वतंत्र मत दिलें, कीं निष्काळजीपणा सिद्ध होवो वा न होवो, जबाबदारी कारखानदाराचीच. १९६३ सालीं तेंच त्या न्यायालयाचें मत झालें.

पूर्वपक्ष असा, कीं ही प्रामाणिक माणसाला चोराच्या रांगेंत बसविण्याची रीत आहे. आम्हांस हा आक्षेप वजनदार वाटतो. पण त्यांत दोष आणि देणें या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. आपल्या मुलाचा चेंडू शेजाऱ्याच्या खिडकीवर आदळून कांच फुटली तर आपण ती बसवून देतों. तेवढ्यानें आपण पापी ठरत नाहीं. आणि न दिल्यास मात्र खचित लहान ठरतों. लाख बाटल्यांत एक फुटणारच असेल, तर लाखांचा नफा एकानें घ्यावा आणि त्या एकीची जखम दुसऱ्यानें सोसावी, ही वांटणी कोणत्या नीतीला मान्य होईल? शिवाय दोष सिद्ध करावयाचा तर कारखान्याच्या आंतली माहिती हवी; ती जखमी माणसानें कोठून आणावी?

मात्र या विचाराला एक धोकाही आहे. देणें दिलें म्हणजे दोषही फिटला, असें मानण्याचा मोह होतो. पश्चिम जर्मनींत १९५७ सालीं थॅलिडोमाइड नांवाचें झोपेचें औषध विक्रीस आलें. गरोदर स्त्रियांनीं तें घेतल्यामुळें अनेक देशांत हजारों मुलें हातापायांचें व्यंग घेऊन जन्मलीं. १९६१ च्या अखेरीस तेथें औषध मागें घेतलें गेलें. १९७० सालीं कंपनीनें १० कोटी मार्क देण्याचें मान्य केलें व त्याच वर्षीं फौजदारी खटला निकालावांचून संपला. कंपनीच्या प्रमुखानें जाहीर क्षमा मागितली ती २०१२ सालीं! कित्येक पीडितांना ती अपुरी आणि फार उशिराची वाटली. पैशानें औषधपाणी होतें, पण ‘आमच्या हातून हें घडलें’ हे शब्द पैशानें उच्चारले जात नाहींत.

आपल्या देशांत १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें सदोष मालाविरुद्ध दाद मागण्याची सोय झाली. त्याच्या जागीं आलेल्या, २०२० च्या जुलैंत अमलांत येऊं लागलेल्या २०१९ च्या कायद्यांत तर या जबाबदारीला स्वतंत्र प्रकरणच दिलें आहे. घडणींतील दोष, आराखड्यांतील दोष व धोक्याची पुरेशी सूचना न देणें, या सर्वांबद्दल उत्पादकाला जाब देणें भाग आहे. वस्तूचा गैरवापर करणाऱ्याला मात्र हा कायदा पाठीशीं घालीत नाहीं. आणि तें योग्यच आहे.

कायदा देणें ठरवूं शकतो व त्यानें तें निःसंकोच ठरवावें. दोषाचा निवाडा मात्र प्रत्येक कारखानदाराला आपल्या मनाशींच करावा लागेल. ज्याचें तोंड आपण कधीं पाहणार नाहीं अशा गिऱ्हाइकासाठीं, माल बाहेर पडण्यापूर्वीं, मडकें एकदां वाजवून पाहण्याचें काम आतां घेणाऱ्याचें राहिलेलें नाहीं. तें करणाऱ्याकडे आलें आहे.