फट दाबू नये

हाताचे काम दुय्यम आणि पुस्तकातले ज्ञान श्रेष्ठ, हा समज आपल्यात खोल रुजला आहे. विणकर, सुतार, गवंडी यांच्याजवळ असते ते हुनर; इल्म हा शब्द मात्र आपण शिकलेल्यांसाठी राखून ठेवतो. ही वाटणी कितपत खरी आहे? भूमितीतले एक जुने उदाहरण पाहू.

चार समभुज त्रिकोण कडेला कड लावून जोडले की सुसम चतुष्फलक तयार होतो. ठोकळ्यांप्रमाणे असे चतुष्फलक रचूनही जागा पूर्ण भरते, मध्ये फट राहत नाही, असे अॅरिस्टॉटलने लिहिले. बाराव्या शतकात अंदलुसच्या इब्न रुश्द यांच्यासारख्या थोर विद्वानानेही ते मान्य केले आणि त्याच्या बाजूने हिशेब मांडला. विधान चुकीचे होते. पंधराव्या शतकात जर्मन गणिती रेगिओमोंटानस याने ते खोडून काढले.

ही चूक पकडायला पुठ्ठा, कात्री आणि डिंक पुरेसा आहे. आठवीची मुले पाच चतुष्फलक सहज बनवतात. एकाच कडेभोवती ते लावत गेले की पाचवा पहिल्याला भिडत नाही, बारीक फट राहते. ज्या मुलाला ‘मुसल्लस’ आणि ‘जाविया’ यांच्या व्याख्या पाठ होत नाहीत, त्यालाही ती दिसते.

पण यापुढे काय होते, ते महत्त्वाचे आहे. बहुतेक मुले अंगठ्याने दाबून डिंक लावतात. पुठ्ठा वाकतो, फट नाहीशी होते. नमुना सुबक दिसतो आणि खोटा असतो. म्हणजे हातही फसवतो. दहाव्या शतकात बगदादच्या अबुल वफा बुझजानी यांनी कारागिरांसाठी भूमितीचे पुस्तक लिहिले. कारागीर डोळ्यांना पटले की समाधान मानतात आणि भूमितीतज्ज्ञ सिद्धतेवर थांबतात, प्रत्यक्ष कापताना अडतात. दोघांचीही उणीव त्यांनी दाखवली.

मग हिशेब करावा. चतुष्फलकाच्या दोन बाजूंमधला कोन सुमारे ७०.५ अंशांचा. पाच मिळून सुमारे ३५२.६, पूर्ण फेरा ३६० अंशांचा. सात अंशांहून थोडी जास्त जागा उरतेच. दोष पुठ्ठ्याचा नव्हता, की मुलाच्या हाताचाही नव्हता. हाताने सवाल विचारला, अकलेने जवाब दिला. दोन्ही मिळून इल्म झाले.

बुजुर्गांनी लिहिले म्हणून डोळ्यांसमोरची फट नाकारणे, हीदेखील ती दाबून टाकण्याचीच रीत आहे. तकलीदची सवय अशीच लागते. या फटीने इब्न रुश्द यांचा मोठेपणा कमी होत नाही. तिच्याकडे डोळेझाक करून तो वाढणारही नाही. आणि आपण शिक्षक सफाईला दहापैकी दहा गुण देतो, तेव्हा मुलांना नेमके काय शिकवतो? नमुना हातात घेतल्यावर आधी फट शोधावी. ती सापडली तर त्या मुलाला शाबासकी द्यावी. सफाईचे गुण नंतर.