न मागता आलेली पिल्ले



मुलांच्या हट्टापायी घरात गिनीपिग आणला जातो. (नावात 'पिग' असले तरी डुकराशी त्याचा संबंध नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातला, उंदीर-खारींच्या गणातला, गवत खाणारा प्राणी आहे. नुसत्या नावावरून निर्णय देण्याची घाई करू नये.) काही आठवड्यांनी एके सकाळी पिंजऱ्यात तीन-चार पिल्ले दिसतात. मादी गाभण होती, हे आणताना कोणालाच ठाऊक नव्हते. जी पिल्ले आपण मागितलीच नाहीत, त्यांचीही जबाबदारी आपल्यावर येते काय?

मांजरीची हदीस आपणांस ज्ञात आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आली आहे. एका स्त्रीने मांजरीला कोंडले, खाऊपिऊ घातले नाही, जमिनीवरचे किडेमकोडे खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजर मेली आणि ती स्त्री अजाबास पात्र ठरली. तिच्यापुढे दोन वाटा होत्या, खाऊ घालण्याची किंवा सोडून देण्याची. गिनीपिगच्या बाबतीत दुसरी वाट उरतच नाही. हजारो वर्षे माणसाच्या आश्रयाने जगलेला हा जीव आपल्या अंगणात मोकळा सोडणे म्हणजे त्याला मांजर-कुत्र्यांच्या तोंडी देणे होय. म्हणून आपल्यावरील अमानत त्या स्त्रीपेक्षा हलकी नाही, उलट जड आहे. आईची वाट आपण बंद केली तेव्हा तिच्या पोटातल्यांचीही झाली. आपल्याला ठाऊक नव्हते, एवढ्याने ती उघडी राहत नाही.

आणि अमानत केवळ माया करून पार पडत नाही, त्यासाठी माहिती करून घ्यावी लागते. ही पिल्ले अंगावर केस, उघडे डोळे व दात घेऊनच जन्मतात, काही तासांतच धावू लागतात. आईला अडवणाऱ्या गजांच्या फटीतून ती निसटतात किंवा मध्येच अडकतात. म्हणून गजांना चहूबाजूंनी बारीक जाळी किंवा जाड पुठ्ठा लावावा; पुठ्ठा कुरतडला जातो, तो बदलत राहावा. तळाला मात्र जाळी नको, त्यात इवले पाय अडकतात. वरचा मजला बंद करावा. पाण्याचे खोल भांडे काढून बाटली लावावी, तिची नळी पिल्लांच्या तोंडाला पोहोचेल इतकी खाली असावी.

नर मात्र प्रसूतीपूर्वीच वेगळा करावा, कारण मादी व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. नर पिल्लेही तीन आठवड्यांची होताच आई-बहिणींपासून दूर ठेवावी लागतात. येथे कोणी विचारील की, प्रेषित (सल्ल.) यांनी तर एका पक्षिणीची उचललेली पिल्ले तिला परत करविली होती, मग ही ताटातूट कशी चालेल? अबू दाऊद यांच्या संग्रहातील त्या प्रसंगी पिल्लांना आईची गरज होती आणि ती व्याकूळ होऊन पंख फडफडवीत होती. येथे तीन आठवड्यांत दूध सुटलेले असते, पिल्ले गवत व भाजी खात असतात, आणि थकलेल्या आईवर दुसरे गर्भारपण लादले जाण्याचे भय असते. दुसरा पिंजरा त्यापूर्वीच तयार ठेवावा.