दुसऱ्याचे गाणे, आपला गळा

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात विचारलेला एक प्रश्न अजून निकालात निघालेला नाही. संगीताचा आनंद घ्यायचा आणि त्यातले बरेवाईट ओळखायचे, एवढ्यासाठी स्वतः वाजवायला शिकण्याची गरज काय? स्पार्टाचे लोक वाद्य शिकत नाहीत, तरी त्यांना चांगले गाणे कळते असे म्हणतात, हे तो नोंदवतो. कवींच्या वर्णनातला झ्यूस स्वतः गात-वाजवत नाही, याचीही आठवण करून देतो. वाजवणे हे पोटार्थी कारागिराचे काम आणि ऐकणे हे स्वतंत्र नागरिकाचे, असा त्या समाजाचा कल होता. आज हाच प्रश्न जगभरच्या हौशी युकुलेलेवादकांना लागू पडतो. त्यांच्यात एक रीत रुळली आहे. ठरावीक मुदतीसाठी एखादा विषय निघतो. पाऊस, रेल्वे, रंगांची नावे, एखादे विशिष्ट साल. त्या विषयात बसणारे कुणाचे तरी गाजलेले किंवा विसरले गेलेले गाणे जो तो आपल्या चार तारांवर बसवतो, घरच्या घरी चित्रित करतो आणि बाकीच्यांपुढे ठेवतो. गाणे दुसऱ्याचे, त्याचे मूळ ध्वनिमुद्रण कुणालाही क्षणात ऐकता येईल असे, आणि हे नवे गायन बहुतेक वेळा मुळापेक्षा कच्चे. मग ते करण्यात अर्थ काय? वेळ बरा जातो हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. वेळ पत्ते खेळूनही बरा जातो. माझे म्हणणे असे की, गाणे स्वतःच्या हाताने उभे करणे हा ते ऐकण्याचाच एक प्रकार आहे, आणि ऐकण्याच्या दुसऱ्या कोणत्याही प्रकाराने त्याची उणीव भरून निघत नाही.

युकुलेले या वाद्याचा जन्मच उसनवारीतून झाला आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून होनोलुलूला पोहोचले. हवाईच्या उसाच्या मळ्यांवर मजुरी करायला आलेल्या त्या माणसांत मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तिघे लाकूडकाम जाणणारे होते. मळ्यावरची मुदत संपल्यावर त्यांनी मदेराच्या छोट्या चारतारी वाद्याच्या धर्तीवर हवाईतल्या कोआ लाकडाची वाद्ये घडवायला सुरुवात केली. राजा कालाकाउआने त्यांना दरबारी मान दिला आणि काही वर्षांतच ते वाद्य हवाईचे म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे १८९३ मध्ये तिथली राजसत्ता उलथवली गेली, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनातून हे वाद्य अमेरिकेच्या घराघरांत शिरले. देश गेला आणि त्या देशाचे वाद्य जेत्याच्या दिवाणखान्यात करमणूक म्हणून वाजू लागले, ही गोष्ट सुखाची नाही. आज कोणी ते उचलून गंमत म्हणून वाजवतो तेव्हा तो या ऋणातून मोकळा होत नाही. पण या इतिहासातून दुसरीही एक गोष्ट दिसते. हवाईच्या लोकांनी परके वाद्य हाती घेऊन इतक्या वेळा, इतक्या मनापासून वाजवले की ते त्यांचे झाले. मालकी इथे जन्मावरून ठरलेली नाही, वापरातून आलेली आहे.

पहिला मोठा आक्षेप प्लेटोच्या बाजूने येतो. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात तो पलंगाचे उदाहरण घेतो. सुताराचा पलंग ही पलंगाच्या मूळ कल्पनेची नक्कल, आणि चित्रकाराचा पलंग ही त्या नकलेची नक्कल. या हिशेबाने हौशी माणसाने गायलेले गाजलेले गाणे सत्यापासून आणखी एक पायरी खाली घसरते. चित्राच्या बाबतीत हा युक्तिवाद निदान समजू शकतो, कारण मूळ चित्र एका भिंतीवर टांगलेले असते आणि नक्कल दुसऱ्या भिंतीवर. गाण्याला अशी भिंत नाही. ते कुठे ‘असते’ असे विचारले, तर जिथे कुणी गाते तिथेच, याहून वेगळे उत्तर देता येत नाही. नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञाने १९६८ च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’मध्ये हा भेद काटेकोर मांडला: चित्राची बनावट प्रत निघू शकते, संगीतरचनेची निघत नाही, कारण प्रत्येक बिनचूक वादन हे त्या रचनेचेच उदाहरण असते. मात्र त्याने लगेच एक फास टाकून ठेवला. बिनचूक म्हणजे अगदी बिनचूक. एक सूर चुकला की ते वादन त्या रचनेचे उरत नाही, मग ते कितीही तेजस्वी असो. हौशी वादकाची गठडी वळायला एवढा नियम पुरेसा आहे.

पण हा नियम स्वरलिपीत बांधलेल्या सिम्फनीसाठी घडलेला आहे, आणि गाणी त्या जातीची नसतात. ‘ओव्हर द रेनबो’ हे गाणे १९३९ च्या चित्रपटातले, पूर्ण वाद्यवृंदासह गायलेले. हवाईचा गायक इझ्रायल कामाकाविवोओले याचे युकुलेलेवरचे रूप १९९३ च्या त्याच्या संग्रहातून जगापुढे आले. त्यात वाद्यवृंद नाही, शब्द मागेपुढे झाले आहेत, चाल जागोजाग मुळापासून सुटली आहे. गुडमनच्या मापाने ते त्या गाण्याचे उदाहरणच ठरत नाही. ऐकणाऱ्याला मात्र ते तेच गाणे आहे याबद्दल कणभर शंका येत नाही. मराठी वाचकाला तर यासाठी हवाईला जायचीही गरज नाही. तुकारामांनी स्वतः कोणत्या सुरात अभंग गायले हे आज कुणालाच ठाऊक नाही. एकच अभंग गावोगावच्या भजनी मंडळांत निरनिराळ्या चालींत गातात, आणि यातला खरा कोणता असे कुणी विचारत नाही. ध्वनिमुद्रण आल्यावर आपण एका गायनाला मूळ समजू लागलो, कारण ते गोठवून ठेवता आले. ते ध्वनिमुद्रण ही एक स्वतंत्र कलाकृती आहे हे मला मान्य आहे, आणि हौशी गायक तिच्या जवळपासही जात नाही हेही. गाणे मात्र त्या मुद्रणाहून सैल आणि मोठे आहे. कामाकाविवोओले अस्सल कलावंत होता, त्याच्या उदाहरणाने कच्च्या गायकाचे काय सिद्ध होते, असे कुणी विचारील. त्याचे गायन चांगले होते हे त्याच्या उदाहरणाने सिद्ध होते. हौशी गायक करतो ती कृती त्याच जातीची आहे, एवढेच मला त्यातून हवे आहे. गुणवत्तेतला फरक मी कुठेच नाकारत नाही.

चार तारांवर गाणे बसवताना नेमके काय घडते ते पाहिले, की ‘हाही ऐकण्याचाच प्रकार’ हे म्हणणे अलंकारिक राहत नाही. नेहमीच्या जुळणीत तारा जी, सी, ई, ए अशा लावतात, आणि त्यातली पहिली जी खालच्या सप्तकातली नसून उंच असते. म्हणजे सर्वांत खालचा सूर दुसऱ्या तारेचा सी, पियानोच्या साधारण मधोमध येणारा. पियानोचा डावा अर्धा भाग हातातून गेला असे समजा. खर्ज नाही, बास नाही, तालवाद्य नाही. ज्या गाण्याचा सगळा डौल बास गिटारच्या चालीवर उभा आहे ते इथे आणायचे, तर ती बासची ओळ म्हणजे गाण्याचा कणा की नुसता पेहराव, हे वादकाला ठरवावेच लागते. कॉर्डचेही तेच. सेव्हन्थ कॉर्डमध्ये चार सूर, ते चार तारांवर नेमके बसतात. नाइन्थमध्ये पाच, तेव्हा एक गाळल्याशिवाय गत्यंतर नाही. कोणता गाळावा याचे ठोकळेबाज उत्तर शिकवण्यांत मिळते, पण खरे उत्तर त्या क्षणी गळा कोणत्या सुरावर आहे आणि पुढची कॉर्ड कुठे ओढते आहे यावर ठरते. मग पट्टी. मूळ गायकाची पट्टी पेलत नाही म्हणून गाणे खाली आणले, की काही गाण्यांत अचानक जीव उरत नाही. तेव्हा समजते की वर चढतानाचा ताण हाच त्या ओळीचा अर्थ होता आणि शब्द त्याच्या आधाराने उभे होते. हे ज्ञान गाणे शंभर वेळा ऐकून येईलच असे नाही. तिसऱ्या ओळीत कॉर्ड बदलते की नाही, हे न ठरवताही श्रोत्याला ती ओळ आवडू शकते. हाताला ही सवलत नसते. स्वतः कधीच हात न घालणाऱ्याला उत्तम पारखी होणे अवघड, जवळजवळ अशक्य, असे ॲरिस्टॉटल शेवटी म्हणतो ते याच कारणाने, आणि म्हणून तो मुलांना वाजवायला शिकवा असे सुचवतो.

विषय ठरवून देण्याच्या रीतीमुळे या ऐकण्याला आणखी धार येते. वरवर पाहता ती खेळीमेळीची अट वाटते. पण मोकळीक दिली तर माणूस आपल्या दहा-बारा लाडक्या गाण्यांभोवतीच घोटाळतो, आणि लाडक्या गाण्यावरचे प्रेम पुष्कळदा स्वतःच्या आठवणींवरचे प्रेम असते. ‘रेल्वे’ म्हटल्यावर त्याला आपल्या आवडीबाहेर जाऊन शोधावे लागते. आपल्याकडच्या समस्यापूर्तीत शेवटचा चरण दुसऱ्याने दिलेला असे आणि कवीला तिथवर पोहोचायचे असे. सुरुवातीचे स्वातंत्र्य काढून घेतल्यानेच त्याची बुद्धी कामाला लागे. शिवाय एकाच विषयावरची तीस गाणी एकापाठोपाठ ऐकताना तुलना मूळ गायकाशी होईनाशी होते. एकाला पावसात विरह दिसला, दुसऱ्याला पूर, तिसऱ्याला फक्त भिजलेले बूट, असे श्रोता पाहू लागतो.

प्लेटोच्या आक्षेपापेक्षा खोल आक्षेप धार्मिक बाजूचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. भजनात बेसूर गळा चालतो, कारण तिथे ऐकणारा देव आहे आणि त्याला भाव पुरतो; सूर त्याच्या पदरात टाकलेला असतो. पावसावरच्या एखाद्या इंग्रजी प्रेमगीताला असा कुणी ऐकणारा नाही, तेव्हा त्याच्या कच्चेपणाला क्षमा कशाच्या आधारे मागायची? मी या दोन गोष्टी एक आहेत असे म्हणणार नाही. भक्तीवाचून भजन म्हणजे केवळ समूहगान. पण भक्तीच्या परंपरेनेच एक क्रम लावून दिला आहे, तो इथे उपयोगी पडतो. नवविधा भक्तीत पहिले श्रवण आणि मग कीर्तन. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाची मांडणीही त्याच क्रमाने केली आहे. आधी ऐकावे, मग गावे. गाणाऱ्याने आधी स्वतःला बाजूला सारून दुसऱ्याचे शब्द आत येऊ द्यावेत, ही त्या क्रमामागची अपेक्षा आहे. सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत स्त्रीने १९४२ मध्ये शाळेच्या अभ्यासावर लिहिताना असे मांडले की, भूमितीचे कोडे तासभर झगडूनही सुटले नाही तरी तो तास वाया जात नाही, कारण लक्ष देण्याची जी शक्ती त्यात वाढते तीच पुढे प्रार्थनेत कामी येते. इथे निष्फळ प्रयत्नाचेही मोल सांगितले आहे, तेही उत्तराच्या बरोबर-चूकपणाला बगल न देता. वेलला विद्यार्थ्याने आपल्या चुका नीट निरखून पाहाव्यात असेच वाटते. नास्तिकाला यातली प्रार्थना वगळता येईल. स्वतःखेरीज दुसऱ्या कशाकडे तरी लक्ष देणे त्यालाही वगळता येत नाही.

यंत्राच्या आक्षेपाला फार वेळ द्यावा असे मला वाटत नाही. अमेरिकी बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा याने १९०६ मध्येच इशारा दिला होता की, ग्रामोफोन आणि आपोआप वाजणारे पियानो आले की घरात गाणारा-वाजवणारा हौशी माणूस नाहीसा होईल. त्याची भीती बरीच खरी ठरली. पण निर्दोष गायन घरात मिळू लागल्याने हौशी गायन निरर्थक ठरते असे म्हणणाऱ्याने आधीच गृहीत धरलेले असते की या उद्योगाचे फळ म्हणजे कानावर पडणारा आवाज. तेच तर वादाचे मूळ आहे.

राहिला दाखवण्याचा प्रश्न. सगळे मोल करण्यातच असेल, तर ते इतरांपुढे का ठेवायचे? फळाची आशा सोडायला गीता सांगते, आणि इथे तर फळ, म्हणजे कौतुक, हात पुढे करून मागितलेले दिसते. यावर एक उत्तर असे की, पुढे ठेवायचे ठरले नाही तर गाणे कधी संपतच नाही, ते कायम सरावात राहते. मुदत आली की कुठेतरी थांबून हे असे आहे म्हणावे लागते. दुसरे, स्वतःचे चित्रण ऐकताना गायकाला पहिल्यांदाच श्रोत्याच्या जागी बसावे लागते, आणि ते बहुधा सुखाचे नसते. तिसरे उत्तर ऐकणाऱ्यांच्या जातीचे आहे. ॲरिस्टॉटलला धंदेवाईक वादक नकोसे होते, कारण ते श्रोत्यांच्या सुखासाठी वाजवतात, आणि उथळ श्रोता वादकालाही आपल्यासारखा करून सोडतो. हा दोष पैशाला चिकटलेला नाही. पसंतीचे आकडे मोजत बसलेला हौशी वादक एक छदामही न घेता नेमका तसा होतो. त्याच विषयाशी त्याच आठवड्यात झगडलेले लोक जिथे एकमेकांचे श्रोते असतात, तिथे ‘छान’ या शब्दामागे थोडी तरी जाण असण्याची शक्यता आहे. पण शक्यताच. अशा मेळाव्यांत प्रत्येकाला सारखेच कौतुक वाटण्याची सवय लागते, सौजन्य म्हणून तार उतरली आहे हे कुणी सांगत नाही, आणि मग ज्या पारखीसाठी हाताला शिकवायचे तीच पारख गप्प बसवली जाते. ॲरिस्टॉटलचा सल्ला असा की, तरुणपणी वाजवावे आणि पारख आली की वाद्य खाली ठेवावे. पन्नाशीनंतर पहिल्यांदा वाद्य हाती घेणाऱ्यांच्या बाबतीत मला तो अजिबात पटत नाही. पण सगळे सगळ्यांना चांगलेच म्हणतात अशा ठिकाणी त्याचा आक्षेप जागचा हलत नाही, आणि वरचे एकही उत्तर तिथे पुरे पडत नाही.