फायद्याचा बंधुभाव

बंधुसंस्थेत माणूस प्रेमापोटी जातो की सोयीपोटी, ही शंका अशा संस्थांबद्दल नेहमीच घेतली जाते. तिच्या बुडाशी एक समजूत असते: फायदा शिरला की बंधुभाव बाटतो. उपयोगासाठी जडलेल्या मैत्रीला ॲरिस्टॉटलने खालची पायरी दिली आणि निष्काम कर्माच्या संस्कारात वाढलेल्या आपल्याला ते चटकन पटते. मला ही समजूतच कच्ची वाटते. ती पारखायला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश कामगारांच्या मंडळ्या पाहाव्यात.

मँचेस्टर युनिटी ऑफ ऑडफेलोज १८१० ची, फॉरेस्टर्स १८३४ ची. सभासद नेमाने वर्गणी भरत. आजारपणात मजुरी बुडाली की ठरलेली रक्कम मिळे, मेल्यावर दफनाचा खर्च. आज हे विम्याच्या हप्त्याइतके रूक्ष वाटेल. पण १८३२ च्या एका कायद्याने बेवारस प्रेते, त्यातही कामगृहात, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या वर्कहाऊसमध्ये, मेलेल्या गरिबांची, चिरफाडीसाठी वैद्यकीय शाळांना मिळू लागली होती आणि १८३४ च्या गरीब कायद्याने धडधाकट गरजूला त्याच कामगृहाची वाट दाखवली. पुनरुत्थानावर श्रद्धा असलेल्या माणसाला अखंड देहाने मातीत जाण्याची हमी कोणी देत असेल, तर तो हिशेब व्यावहारिक म्हणायचा की धार्मिक? शिवाय हा पैसा हक्काचा होता. दानात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. इथे आजचा देणारा उद्याचा घेणारा होता, त्यामुळे कोणाला मान खाली घालावी लागत नसे.

आजाऱ्याकडे पैसे घेऊन मंडळीतलेच कोणीतरी जाई. ती भेट समाचाराची, तशी तपासणीचीही: गडी खरोखर अंथरुणाला खिळलाय की मधुशाळेत बसलाय, हेही पाहिले जाई. टीकाकाराला यात पाळत दिसेल, आणि ती होतीच. पण पाळत नि जिव्हाळा एकाच माणसाच्या पायांनी दारात आले, हे मला या व्यवस्थेचे मर्म वाटते. पेटीतला पैसा सगळ्यांच्या घामाचा असल्याने लबाडी परक्याशी होत नसे, ओळखीच्याशी होई. आणि खरा आजारी एकटा पडत नसे.

यावर एक आक्षेप असा की १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा आणि १९४८ ची सरकारी आरोग्यसेवा आल्यावर या मंडळ्या ओसरल्या, म्हणजे मुळात होता तो स्वार्थच. पण एकत्र शेती सुटल्यावर भाऊ वेगळी चूल मांडतात, म्हणून पूर्वी त्यांच्यात माया नव्हती असे आपण म्हणत नाही. गरज नात्याला आकार देते. गरज सरली की नाते विरळ होते. ते खोटे होते असे त्यातून सिद्ध होत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथात, अतिसाराने घाणीत लोळणाऱ्या एका भिक्षूची कथा येते. इतर भिक्षू त्याच्याकडे का पाहत नाहीत, असे बुद्धाने विचारले, तेव्हा कळले की तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. देवघेवीवर उभ्या बंधुभावाचे उघडे पडलेले रूप ते हेच! बुद्धाने शिष्य आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले, पण तेवढ्यावर न थांबता नियम घातला: गुरू, शिष्य वा सोबती यांनी शुश्रूषा करावी, तेही नसतील तर ती जबाबदारी संघाची. करुणेचे कर्तव्य झाले ते तिथे. वर्गणी थकली की नाव कमी करणाऱ्या मंडळ्यांना ही पायरी चढता आली नाही, हे कबूल केलेच पाहिजे.

राहिला प्रश्न कुंपणाचा, म्हणजे बंधू म्हणून आत कोणाला घ्यायचे याचा. सर्वांना मान्य होईल तेवढाच धर्म सभासदाने पाळावा, असे फ्रीमेसन या बंधुसंस्थेची १७२३ ची घटना सांगते. तरीही मुंबईच्या माणेकजी कर्सेटजींना मायदेशी प्रवेशाला नकार मिळाला आणि पॅरिसमध्ये दीक्षा घ्यावी लागली. नंतर १८४३ मध्ये जेम्स बर्न्स यांनी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज, म्हणजे संस्थेची शाखा, भारतीयांसाठी काढले. त्यानंतरही, अनेक देव मानणारा हिंदू चालेल का, यावर बंगालमध्ये काथ्याकूट चालूच राहिला. प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थांना प्रवेश मिळायला १८७२ साल उजाडले. या दोघांनी मागितले ते संस्थेने स्वतःच छापलेले वचन. निव्वळ फायद्यासाठी जमलेल्या टोळक्याकडे असे काही मागताच आले नसते.