शेजारच्या रानाची नोंदवही

खानदेशातील निसर्गसंवर्धनाच्या स्वयंसेवी कामाचा विचार रानपिंगळ्यापासून सुरू करावा लागतो. घुबडाच्या कुळातला हा पक्षी दिवसा वावरतो. सागाच्या विरळ रानात, पाने झडलेल्या फांदीवर तो उन्हात बसतो, सरडे आणि उंदीर टिपतो, ढोलीत अंडी घालतो. दिसायला अवघड असे त्याच्यात काही नाही. तरीही १८८४ ते १९९७ अशी ११३ वर्षे तो शास्त्राच्या लेखी नाहीसा झालेला होता.

पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर मिळालेले बहुतेक नमुने जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला खानदेशातून गोळा केले होते. ते लंडनच्या संग्रहालयात गेले आणि त्यांतला एक तिथून चोरीला गेला. रिचर्ड माइनर्टझागेन या पक्षितज्ज्ञाने तो १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवीजवळ आपणच मिळवल्याची खोटी चिठ्ठी त्याला लावली. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी चुकीच्या जागी शोध घेतला. अखेर पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नोंद बाजूला सारली, डेव्हिडसनच्या जुन्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी त्यांच्या समोर बसलेला सापडला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा त्यानंतर, १९९८ मध्ये, वेगळा झाला.

पक्षी सातपुड्यात होताच. नव्हती ती त्याची लिहिलेली नोंद. रानात रोज जाणारी माणसे होती, पण त्यांना कोणी विचारले नाही. लिहिणारी माणसे होती, पण ती रानापासून दूर होती. ही दोन टोके जोडणे हेच स्थानिक निसर्गसंस्थेचे पहिले काम आहे. वृक्षारोपण, फेरी, घोषणा यांचा क्रम त्यानंतर लागतो. शोधानंतर या पक्ष्याची आणखी ठिकाणे कळत गेली. त्यांत जळगाव जिल्ह्यातले यावल अभयारण्यही आहे. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात तो पहिल्यांदा नोंदवला गेला, तोही एका हौशी पक्षिनिरीक्षकाच्या नजरेमुळे. मुंबईच्या इतक्या जवळ तो असेल, अशी कल्पना त्याआधी कोणी केली नव्हती.

नोंदीचे हे काम खानदेशात सर्वांत ठळकपणे दिसते ते हतनूर धरणावर. तापी आणि पूर्णा यांचा संगम चांगदेवला होतो आणि त्याच्या खाली हतनूरचा जलाशय पसरतो. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राला इथूनच पाणी जाते. पण हिवाळ्यात हेच पाणी मध्य आणि उत्तर आशियातून येणाऱ्या बदकांचे आश्रयस्थान बनते. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, मोठी लालसरी हे पाहुणे पाण्यावर आणि काठाच्या चिखलात उतरतात. देशातील महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत हतनूरचा समावेश आहे. वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था इथे पक्ष्यांची गणना करत आली आहे.

गणना म्हणजे नेमके काय, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. जलाशयाचा काठ आधी टप्प्यांत वाटून घेतला जातो. पहाटे, थवे चरायला पांगण्याआधी, प्रत्येक गट आपापल्या ठिकाणी बसतो. एक जण दुर्बिणीतून पाहत मोजतो, दुसरा लिहितो. थवा मोठा असला तर आधी दहा पक्ष्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरायचे आणि त्या मापाने पूर्ण थवा मोजत जायचे. थवा उडून पुढच्या टप्प्यात गेला तर तो दोनदा मोजला जाऊ नये म्हणून वेळ आणि दिशा लिहावी लागते. मोजणीपेक्षा हा शेवटचा तपशील अधिक महत्त्वाचा, आणि नवशिके नेमका तोच गाळतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि अशा शेकडो काठांवरचे आकडे तिच्यात एकत्र येतात. एका वर्षाच्या आकड्याने फारसे काही कळत नाही. धरणातले पाणी त्या वर्षी किती उतरले, गाळपेराची जमीन किती उघडी पडली, जाळी कुठे लागली, यावर पक्षी कमीजास्त होतात. त्याच काठावर, त्याच पद्धतीने दहा-पंधरा वर्षे मोजल्यावर मगच घट खरी की भासमान, हे ठरवता येते. हे सातत्य बाहेरून येणाऱ्या संशोधकाला परवडत नाही, कारण त्याचा प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतो. काठावरच्या गावात राहणाऱ्या शिक्षकाला, दुकानदाराला, कॉलेजच्या विद्यार्थ्याला ते जमते. स्वयंसेवकाचे खरे भांडवल ज्ञानाआधी शेजार हे आहे.

याउलट काही कार्यक्रम लोकप्रिय आहेत, पण त्यांच्याकडून चुकीची अपेक्षा ठेवली जाते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. तीत किती प्राणी आहेत हे कळत नाही. त्या रात्री त्या पाणवठ्यावर काय आले, एवढेच कळते. वाघांची संख्या आता स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतून पट्ट्यांची ओळख पटवून काढतात. म्हणूनच वनविभाग या रात्रीला आता निसर्गानुभव म्हणतो, आणि तेच योग्य आहे. शहरातला तरुण एक रात्र जंगलात गप्प बसतो, हा लाभ लहान नाही. मात्र त्या रात्रीच्या आकड्यांवर बातम्या रचू नयेत.

वृक्षारोपणाचे तसेच. खानदेशचे स्वतःचे झाड म्हणावे असे अंजन, त्याच्या जोडीला सालई, धावडा, पळस. ही झाडे सावकाश वाढतात, आणि फोटोसाठी लावलेल्या रोपांत ती क्वचितच असतात. माळरानावर खड्डे घेऊन झाडे लावली की गवतावर जगणारे पक्षी आणि प्राणी बेघर होतात. जिथे गवत आहे तिथे गवतच राहू देणे, हेही संवर्धन आहे, आणि ते पटवून देणे रोप लावण्याहून कठीण आहे.

साप पकडणाऱ्या सर्पमित्रांचे काम केळीच्या बागा आणि वस्त्या एकमेकांना लागून असलेल्या या भागात अत्यंत गरजेचे आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप जवळ ठेवणे किंवा त्याचे प्रदर्शन करणे गुन्हा ठरतो. म्हणून पकडलेल्या सापाची नोंद वनविभागाकडे करून तो जवळच्या योग्य अधिवासात सोडणे हे कामाचेच अंग आहे. गळ्यात नाग घालून काढलेला फोटो या कामाची बदनामी करतो.

सर्वांत नाजूक प्रश्न माणसांचा आहे. यावल अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १७५ चौरस किलोमीटर. त्याच्या आत आणि कडेला पावरा, बारेला, तडवी भिल्ल यांची वस्ती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचे हक्क मान्य केले, पण अतिक्रमण कोणते आणि हक्क कोणता यावरचा वाद संपलेला नाही. शहरातून येणारा निसर्गप्रेमी इथे एक चूक सहज करतो: जंगलात कुऱ्हाड दिसली की तो रहिवाशालाच शत्रू समजतो. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यातून वणवा पसरतो, हे खरे आहे. पण वणवा लागला की पहिल्या तासात तो विझवायला पोचू शकतो तोही तिथलाच माणूस. उन्हाळ्याआधी त्याच्यासोबत जाळरेषा काढणारी संस्था जंगल वाचवते. त्याच्याविरुद्ध फक्त तक्रारी लिहिणारी संस्था त्याला गमावते.

साक्री तालुक्यातील बारीपाड्याने हे सिद्ध केले आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून या छोट्या आदिवासी गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने सुमारे ४४५ हेक्टर जंगल स्वतः राखले. तोडीवर बंदी, राखणीची पाळी, नियम मोडणाऱ्याला दंड हे सारे ग्रामस्थांनीच ठरवले. जंगल वाढले तसे विहिरींना पाणी आले. तिथली रानभाज्यांची स्पर्धा बाहेरच्यांना आकर्षित करते. पण तिचे मोल असे की कोणती भाजी कुठे, कोणत्या महिन्यात उगवते, हे ज्ञान गावातल्या बायकांकडे आहे आणि ते तिथे जाहीरपणे मानले जाते. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्यात स्वयंसेवक नावाचा वेगळा माणूस नाही. गावच स्वयंसेवक आहे.

जळगाव आणि धुळ्यातल्या संस्थांनी आपल्या कामाचा हिशेब या दोन कसोट्यांवर मांडावा: एकाच जागेची किती वर्षांची नोंद आपल्याजवळ आहे, आणि त्या जागेजवळ राहणारी किती माणसे आपल्यात आहेत. पक्षी सप्ताह दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात असतो, पाणपक्षी गणना जानेवारीत. दुर्बीण नसलेल्यानेही यावे. मोजणाऱ्याच्या शेजारी बसून आकडे लिहून घेणारा माणूस प्रत्येक गटाला लागतो.