शुभंकराचे दोन तास

2020च्या उन्हाळ्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोरोनाच्या सौम्य रुग्णांना घरीच विलगीकरणात ठेवायला परवानगी दिली. त्या नियमांत एक अट होती. रुग्णाची काळजी घेणारं माणूस चोवीस तास हजर हवं आणि त्याने रुग्णालयाच्या संपर्कात राहायला हवं. मास्क कसा लावायचा, हात कधी धुवायचे, रुग्णाची भांडी कशी हाताळायची, सगळं बारकाईने सांगितलं होतं. चोवीस तासांतली त्या माणसाची झोप मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

दुसऱ्या लाटेत, 2021च्या एप्रिल-मे महिन्यांत, या अटीचा अर्थ घराघरांत कळला. रात्री दोनचा गजर, झोपेतल्या वडिलांच्या बोटाला ऑक्सिमीटर, आकडा 94च्या खाली गेला की फोनाफोनी, रेमडेसिव्हिरसाठी रांग. पेशंट वॉर्डात गेला की नातेवाईक फाटकाबाहेर. डबा आत जाई, माणूस जात नसे.

याहून कमी बोललं गेलं ते जुन्या दुखण्यांच्या घरांबद्दल. अर्धांगवायू, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश. ब्युरोकडून येणाऱ्या मावशी टाळेबंदीत येईनाशा झाल्या, फिजिओथेरपी थांबली. रोज संध्याकाळी देवळात जायची सवय असलेल्या, विसर पडत चाललेल्या सासूबाईंना ‘बाहेर साथ आहे’ हे दर दहा मिनिटांनी नव्याने सांगावं लागे. अकराव्या वेळी सुनेचा आवाज चढे. मग ती न्हाणीघरात नळ सोडून रडे. सासूबाई ते ओरडणं विसरून जात, सून विसरू शकत नसे. काळजी घेणाऱ्याला पोखरते ती कष्टांपेक्षा ही अपराधीपणाची भावना.

ताणाला माणूस कसा तोंड देतो, याची मांडणी रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984 साली केली. जे बदलता येतं ते बदलायला माणूस धडपडतो. जे बदलत नाही, तिथे तो मनातली कालवाकालव आवरतो. साथीने पहिल्या वाटेवरची बरीच दारं बंद केली. बदली माणूस नाही, खाट मिळत नाही, माहेरी जायला गाडी नाही. उरलं मन आवरणं, आणि नेमका त्याचाच उपदेश सगळीकडून झाला. सकारात्मक राहा, प्राणायाम करा, खंबीर व्हा. प्राणायामाने बरं वाटतं, पण तीन रात्री जागलेल्या बाईला आधी झोप हवी असते. तिच्या थकव्याला मनाचा कमकुवतपणा म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

बाईला म्हटलं, त्याला आधार आहे. 2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातल्या मुलांची, म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या स्त्रिया 27.6 टक्के निघाल्या आणि पुरुष 14 टक्के. त्या स्त्रिया दिवसाला सरासरी 134 मिनिटं देत होत्या, पुरुष 76. हे साथीच्या आधीचं चित्र!

मराठीत या माणसांसाठी एक सुंदर शब्द रुळला आहे: शुभंकर. ज्याची काळजी घ्यायची तो शुभार्थी. पुण्यात ‘सा’ या संस्थेच्या आणि पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या बैठकांतून तो ऐकू येतो. ‘सा’ उभी केली कॅलगरीत प्राध्यापकी केलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी, पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव गाठीशी घेऊन. अशा गटांत सल्ले कमी आणि कबुल्या जास्त असतात. ‘काल मी आईवर ओरडले’ असं एकीने म्हटलं की दुसरी म्हणते, ‘मीसुद्धा.’ नळ सोडून रडणाऱ्या सुनेला हवा होता तो हा ‘मीसुद्धा’. पण बैठकीला यायचं तर शुभार्थीजवळ कुणीतरी बसावं लागतं, आणि साथीत बसायलाच कुणी उरलं नव्हतं.

आता केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. ऑक्टोबर 2022पासून 14416 या क्रमांकावर समुपदेशक भेटतो. हा क्रमांक शुभंकरानेही फिरवावा, पेशंटसाठी नव्हे, स्वतःसाठी.

आणि यंदा भाऊबीजेला बहिणीकडे जाल, तिथे आतल्या खोलीत कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर ओवाळणी घालून लगेच उठू नका. औषधाची वेळ विचारून घ्या, पेशंटच्या खाटेशेजारी खुर्ची ओढा आणि बहिणीला दोन तास झोपायला पाठवा.